मेरेडिथ गार्डनर : अर्ध्या शतकाचे मौन

निवृत्त सरकारी नोकराच्या मृत्युलेखात त्याने आयुष्यभर कोणते काम केले हे सांगण्याची रीत आहे. परंतु गुप्तवार्ता विश्लेषकाच्या, म्हणजे परराष्ट्रांकडून हस्तगत केलेल्या तुटक माहितीचा अर्थ लावून तो राज्यकर्त्यांपुढे ठेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत, नेमकी तीच जागा बहुधा कोरी राहते. मेरेडिथ गार्डनर ९ ऑगस्ट २००२ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी निवर्तले, तेव्हा अमेरिकी वृत्तपत्रांना त्यांच्याविषयी सविस्तर लिहिता आले, याचे कारण एवढेच की त्यांच्या कामावरील गुप्ततेचे बंधन जुलै १९९५ मध्ये उठले होते. ते आठ वर्षे आधी गेले असते, तर अबोल, बहुभाषी आणि कुटुंबवत्सल असे एक सेवानिवृत्त गृहस्थ यापलीकडे त्यांची नोंद उरली नसती.

मिसिसिपी राज्यातील ओकोलोना या गावी १९१२ मध्ये जन्मलेले गार्डनर मूळचे जर्मनचे प्राध्यापक होते. जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, रशियन, लिथुएनियन अशा भाषा त्यांना अवगत होत्या आणि त्या काळच्या अमेरिकेत विरळा असलेले संस्कृतचे ज्ञानही त्यांच्यापाशी होते. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या संदेशवाचन विभागाने व्हर्जिनियातील आर्लिंग्टन हॉल ही मुलींच्या महाविद्यालयाची वास्तू ताब्यात घेऊन तेथे सांकेतिक संदेश उकलण्याचे केंद्र थाटले, तेथे ते रुजू झाले. काही महिन्यांत जपानी भाषा आत्मसात करून त्यांनी सहकाऱ्यांना चकित केले. याच केंद्रात काम करणाऱ्या ब्लांच हॅटफिल्ड यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि पुढे विवाहही झाला.

युद्धानंतर त्यांच्या टेबलावर जे कागद आले, ते सोव्हिएत वकिलातींनी मॉस्कोला पाठवलेल्या तारांचे होते. या तारांना दुहेरी आवरण असे. आधी संदेशातील प्रत्येक शब्दासाठी वा वाक्प्रयोगासाठी सांकेतिक कोशातील, म्हणजे कोडबुकातील, ठरावीक आकडा घेतला जाई आणि मग त्या आकड्यांत एका वहीच्या पानावरील यदृच्छ आकडे एकेक अंक धरून मिळवले जात. ही बेरीज हातचा न घेता करायची असे, म्हणजे ७ मध्ये ८ मिळवले की १५ ऐवजी नुसते ५ मांडायचे. वहीचे पान एकदाच वापरून नष्ट केले, तर असा संदेश गणिताने फोडता येत नाही. परंतु युद्धाच्या धांदलीत, १९४२ च्या सुमारास, मॉस्कोतील छपाईत हजारो पाने दुबार छापली गेली आणि वेगवेगळ्या वह्यांत बांधली गेली. एकाच पानाने झाकलेले दोन संदेश सापडले की एकातून दुसरा वजा करता येतो आणि यदृच्छ आकडे आपोआप गळून पडतात. दुबार पाने हुडकण्याचे श्रेय रिचर्ड हॅलक, सेसिल फिलिप्स आणि जीन ग्रॅबील यांच्यासारख्या सहकाऱ्यांकडे जाते. व्हेनोना या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली ही मोहीम गार्डनर यांच्या एकट्याची नव्हती, हे त्यांच्या गौरवाच्या भरात अनेकदा विसरले जाते.

गार्डनर यांचे काम त्यापुढचे. वरचे आवरण निघाल्यावरही हाती उरत ते कोशातील उघडे आकडे, आणि तो कोश तर कोणीच पाहिलेला नव्हता. कोणता आकडा वाक्याच्या आरंभी वारंवार येतो, कोणता क्रियापदाच्या जागी बसतो, कोणत्या दोन आकड्यांची जोडी सहसा फुटत नाही, अशा निरीक्षणांवरून त्यांनी तो कोश एकेक नोंद करीत पुन्हा रचला. त्यांना मोठा आधार मिळाला तो परकीय विशेषनामांचा, कारण कोशात नसलेले नाव अक्षरशः लिहावे लागे आणि त्याच्या आधी व नंतर ‘अक्षरलेखन सुरू’ आणि ‘अक्षरलेखन समाप्त’ असे सांगणारे आकडे घालावे लागत. या फटीतून शिरून २० डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी दोन वर्षांपूर्वीची एक तार वाचली, तर तीत बेथे, बोर, फर्मी अशी शास्त्रज्ञांची नावे ओळीने होती. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची खबर मॉस्कोला पोहोचत होती, हे त्या यादीने उघड केले.

दैवदुर्विलास असा की आर्लिंग्टन हॉलमधील रशियन भाषातज्ज्ञ विल्यम वाइसबँड, ज्याची त्यांच्या टेबलाशी ये-जा असे, तो स्वतःच सोव्हिएत हस्तक निघाला. पुढे ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला आलेला किम फिल्बीही तसाच. ज्यांच्यापासून काम लपवायचे त्यांना ते कळले होते आणि अमेरिकी नागरिकांना मात्र १९९५ पर्यंत त्याचा पत्ता नव्हता, या विसंगतीचे समर्थन करणे अवघड आहे.

गार्डनर १९७२ मध्ये निवृत्त झाले. लंडनच्या ‘टाइम्स’ची शब्दकोडी सोडवणे आणि आपल्या घराण्याची स्कॉटलंडपर्यंत जाणारी वंशावळ जुळवणे हे त्यांचे उत्तरायुष्यातील छंद होते. पत्नी त्याच केंद्रात काम केलेली असल्यामुळे कामाचे स्वरूप काय असते हे तिला समजावून सांगण्याची गरज नव्हती, ही सवलत या व्यवसायातल्या फार थोड्या संसारांना लाभते. तरीही सुखी संसार आणि बुद्धीचे खेळ एवढ्यावर त्यांचे चित्र पुरे करता येत नाही. व्हेनोनामुळे लागलेल्या तपासातून ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग हे दांपत्य हेरगिरीच्या आरोपावरून पकडले गेले आणि १९ जून १९५३ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीत देहदंड देण्यात आला; त्यांच्या मागे दहा आणि सहा वर्षांची दोन मुले उरली. आपल्या कामाची परिणती देहदंडात व्हावी याची गार्डनर यांना खंत होती, असे ब्रिटिश गुप्तचर अधिकारी पीटर राइट यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

या खंतीला पूरक असा कागद २०२४ मध्ये उजेडात आला. एथेल यांच्या अटकेनंतर अकरा दिवसांनी, २२ ऑगस्ट १९५० रोजी, गार्डनर यांनी हाताने लिहिलेल्या टिपणात उकललेल्या तारेचा अर्थ असा लावला होता की एथेल यांना पतीच्या कामाची माहिती होती, पण प्रकृती ठीक नसल्यामुळे त्या स्वतः त्यात भाग घेत नव्हत्या. हे टिपण खटल्यात पुढे आले नाही. आता वृद्ध झालेल्या दोन्ही मुलांनी माहितीच्या अधिकाराखाली ते मिळवले आणि आईच्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून जगापुढे मांडले. काही इतिहासकारांना हा निष्कर्ष मान्य नाही. टिपण म्हणजे एका विश्लेषकाने एका तारेचा लावलेला अर्थ आहे आणि सोव्हिएत दप्तरांतील इतर नोंदी वेगळे सांगतात, असे त्यांचे म्हणणे असून तो वाद अद्याप मिटलेला नाही.