बिनकाट्यांचा निवडुंग : टंचाईच्या काळातील वैरण

माण तालुक्यातील एका गावी, माळाच्या उतारावरील बांधाशी उभा असताना एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारलेला प्रश्न अद्याप माझ्या स्मरणात आहे. त्यांच्या मुलाने बांधावर निवडुंगाची गुडघाभर उंचीची रोपे एका ओळीत लावली होती. त्या ओळीकडे काठीने निर्देश करून ते म्हणाले, "साहेब, आमच्या बापजाद्यांनी जे खणून, जाळून घालवलं, तेच आता तुम्ही पुन्हा लावा म्हणता. हे कसं काय?"

प्रश्नात थोडा उपहास होता, पण त्याहून अधिक होती ती सावधगिरी. कमी पावसाच्या मुलखात आयुष्य काढलेल्या माणसाची सावधगिरी सहसा निराधार नसते. म्हणून निवडुंगाची लागवड कशी करावी हे सांगण्यापूर्वी त्या प्रश्नाचाच परामर्श घेणे योग्य होईल.

निवडुंग आपल्या डोंगरकपारीत इतका रुळला आहे की तो येथलाच असावा असे वाटते. वस्तुतः फड्या निवडुंगाचे मूळ घर अमेरिका खंड होय. युरोपियनांच्या जहाजांतून तो पूर्वेकडे आला. कुंपणासाठी तो सोयीचा होता. परंतु कुंपणात तो फार काळ राहिला नाही. जमिनीवर पडलेला प्रत्येक फड मूळ धरी, पाखरे बोंडे खाऊन बी दूरवर नेत, आणि पाहता पाहता गायराने व गावठाणे काट्यांनी व्यापली जात. मुंबई इलाख्यातील दुष्काळांत याच निवडुंगाचे काटे जाळून फड जनावरांना घातले गेले, ही गोष्टही विसरता येत नाही. एरवी मात्र तो शेतकऱ्याचा वैरीच होता.

त्याचा नायनाट केला तो एका किड्याने. या कथेचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. कोचिनियल या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि त्या रंगाच्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ती मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १७९५ साली ब्राझीलमधून कोचिनियलचे किडे हिंदुस्थानात आणले गेले. आले ते भलत्याच जातीचे. रंग हलक्या प्रतीचा निघाला, पण निवडुंगाच्या एका जातीचा त्यांनी फडशा पाडला. पुढे १९२६ साली दुसऱ्या जातीचे कोचिनियल किडे श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणले गेले, ते मात्र समजून उमजून, निवडुंगाचा बंदोबस्त करण्यासाठी. त्या किड्यांनी काही वर्षांतच मैलोगणती पसरलेली निवडुंगाची राने उजाड केली. वृद्ध शेतकऱ्याच्या बापजाद्यांच्या कुदळीला या किड्याचे साहाय्य मिळाले होते.

आज ज्याची शिफारस केली जाते तो निवडुंग निराळा आहे. ऑपन्शिया फायकस-इंडिका हे त्याचे शास्त्रीय नाव. नावात 'इंडिका' असले तरी हिंदुस्थानाशी त्याचा संबंध नाही. कोलंबसाने ज्यांना 'इंडीज' समजण्याची चूक केली ते हे अमेरिकेतील प्रदेश. मेक्सिकोतील लोकांनी सहस्रावधी वर्षे निवड करीत जोपासलेली ही जात आहे. तिचे फड मोठे, मांसल आणि जवळजवळ बिनकाट्यांचे असतात. ईशान्य ब्राझील आणि ट्युनिशिया या कोरड्या प्रदेशांत दुभत्या जनावरांची व शेळ्यामेंढ्यांची वैरण म्हणून तिची फार मोठ्या क्षेत्रावर लागवड होते. आपल्या राज्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने परदेशातून बिनकाट्यांचे वाण आणून त्यांची पाहणी केली. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने शेतकऱ्यांच्या शिवारात त्यांच्या लागवडीचे काम केले आहे. पाणलोट विकासाच्या कार्यक्रमांतर्गत पडीक जमिनीवर या निवडुंगाची लागवड व्हावी यासाठी केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागानेही अलीकडे पुढाकार घेतला आहे.

पाऊस नसताना हे झाड तग कसे धरते? सामान्य वनस्पती दिवसा आपली रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू आत घेतात आणि त्याच दारातून त्यांचे पाणी उन्हात उडून जाते. निवडुंग हा व्यवहार रात्री करतो. हवा थंड असताना रंध्रे उघडून तो कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतो. दिवसा दारे बंद करून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्या साठ्यातून आपले अन्न तयार करतो. या रहस्याचा माग प्रथम आपल्याच देशात लागला होता. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली, तेव्हा ती सकाळी चांगलीच आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट लागली. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने ही हकीकत वाचल्यावर आमच्या अंगणातील पानफुटीचे पान पहाटे उठून चाखून पाहिले. हाइनसाहेबांचे म्हणणे खरे आहे.

या गुणामुळे, पाण्याच्या बाबतीत काटकसरी म्हणून नावाजलेल्या ज्वारीपेक्षाही निवडुंग कमी पाण्यात वाढतो. परंतु येथेच एक गैरसमज होण्याचा संभव आहे. निवडुंग लावला म्हणजे कडब्याची चिंता मिटली, असे कोणी समजू नये. ताज्या फडात दर शंभर किलोमागे सुमारे नव्वद किलो पाणीच असते. शुष्क भाग दहा किलोच्या आसपास. ज्या गाईला दिवसाकाठी दहा किलो शुष्क चारा लागतो, तिचे पोट केवळ निवडुंगावर भरायचे म्हटले तर शंभर किलो फड घालावे लागतील. तेवढे ती खाणार नाही, आणि खाल्लेच तर तिला ढाळ लागल्यावाचून राहणार नाही. शिवाय फडात प्रथिने अल्प असतात. तेव्हा निवडुंग हा कडब्याचा सोबती आहे, कडब्याचा वारस नव्हे.

मात्र सोबती म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. १९७२ च्या दुष्काळात काय, किंवा २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये उभ्या राहिलेल्या जनावरांच्या छावण्यांत काय, हिरवा चारा व पिण्याचे पाणी या दोन्ही गोष्टींची एकाच वेळी वाण पडली. दहा किलो फडांबरोबर जनावराच्या पोटात सुमारे नऊ लिटर पाणी जाते. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या नऊ लिटरांचे मोल निराळे सांगावयास नको. हिरव्या चाऱ्याचा अंश पोटात गेल्याने वाळका कडबाही जनावर अधिक आवडीने खाते.

आता लागवडीविषयी. हा निवडुंग बियांपासून लावू नये. बियांपासून आलेली रोपे पुन्हा काटेरी निघू शकतात, आणि तसे झाले तर त्या वृद्ध गृहस्थांचा उपहास खरा ठरेल. लागवड फडांपासूनच करावी. साधारण एक वर्ष वयाचा, जून, निरोगी फड धारदार विळ्याने सांध्यावर कापून घ्यावा. तो लगेच जमिनीत लावू नये. नवख्या शेतकऱ्याची सर्वांत मोठी चूक हीच होते. सावलीत, हवेशीर जागी दहा ते पंधरा दिवस ठेवून कापलेली जागा सुकू द्यावी. जखम ओली असताना फड मातीत गेला की तो कुजतो. हाताशी जाड मोजे असावेत, कारण बिनकाट्यांच्या म्हटल्या जाणाऱ्या फडावरही डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक कुसळे असतात आणि ती बोटांत दोन दिवस सलत राहतात.

जमीन मुरमाड, उताराची, हलकी चालते. नव्हे, तीच मानवते. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. अशा ठिकाणी उंच वरंब्यावर किंवा बांधावरच लागवड करावी. लागवडीसाठी ऐन पावसाळा टाळून पावसाचा जोर ओसरल्यानंतरचा काळ, अथवा फेब्रुवारी-मार्च निवडावा. खड्ड्यात कुजलेले शेणखत घालून फडाचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीत जाईल अशा बेताने तो उभा लावावा आणि त्याच्या सपाट बाजू पूर्व-पश्चिम ठेवाव्यात, म्हणजे सकाळचे व सायंकाळचे ऊन त्यांना मिळते. दोन ओळींत दोन ते तीन मीटर व दोन रोपांत एक मीटर अंतर पुरे. लावल्याबरोबर पाणी देण्याचा मोह आवरावा. पंधरवड्यानंतर एक हलके पाणी द्यावे आणि पहिल्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदोनदा. मुळे स्थिरावली की पाण्याची फारशी गरज उरत नाही. पहिली दोन वर्षे तण काढावे आणि जनावरांपासून राखण करावी. काटे नसल्यामुळे हे झाड स्वतःचे रक्षण करू शकत नाही. शेळीला त्याचा सुगावा लागला की एका दुपारीत ओळ फस्त होते.

दीड ते दोन वर्षांनी कापणी सुरू करता येते. बुडाचा मूळ फड आणि त्यावरील पहिल्या थरातील फड कायम राखून वरचेच कापावेत. फडांचे बारीक तुकडे करून ते कडबाकुट्टीत मिसळावेत. आरंभी थोडे घालून आठदहा दिवसांत प्रमाण वाढवीत न्यावे आणि वैरणीतील एकूण शुष्क भागाच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे सहसा जाऊ नये. शेण पातळ होऊ लागले तर निवडुंग कमी करून कडबा वाढवावा. प्रथिनांची उणीव भरून काढण्यासाठी सरकी पेंड अथवा शेवरीसारखा द्विदल पाला जोडीला असावा. गाभण व दुभत्या जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

अखेर पुन्हा त्या किड्याकडे यावे लागते. १९२६ साली ज्याने शेतकऱ्यांना काटेरी निवडुंगापासून सोडविले, त्याला बिनकाट्यांचा निवडुंगही तितकाच गोड लागतो. या शतकाच्या प्रारंभी ब्राझीलमधील पर्नांबुको व पाराइबा या राज्यांत त्याने निवडुंगाची विस्तीर्ण शेते उद्ध्वस्त केली. मोरोक्कोत तो २०१४ साली प्रथम आढळला आणि काही वर्षांतच तेथील गावोगावची निवडुंगाची कुंपणे वाळून गेली. आपल्याकडे तर तो शंभर वर्षांपूर्वीपासून वास्तव्यास आहे. म्हणून लागवडीसाठी फड आणताना खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावेत, प्रत्येक फड उलटसुलट करून पाहावा आणि एकाच वाणावर सारी भिस्त ठेवू नये. फडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की एक पुंजका अंगठ्याने चिरडून पाहावा. अंगठा किरमिजी रंगाने माखला तर तो कोचिनियल किडाच होय. असे फड तत्काळ कापून खोल पुरावेत किंवा जाळावेत, शेजारच्या झाडांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि कृषी सहायकाला कळवावे.

हे सारे मी माझ्या परीने त्या बांधावर सांगितले. वृद्ध गृहस्थांनी ऐकून घेतले, एक फड हातात घेऊन मागेपुढे पाहिला आणि मुलाला म्हणाले, "ही ओळ राहू दे. पण कडबा विकू नकोस."