चारित्र्याला वेगळा तास कशाला?

गुरुकुंज मोझरीत उभे राहून चारित्र्यावर बोलायचे म्हणजे वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला संत्री विकायला जाण्यासारखे आहे. माल तुमच्याच घरचा. म्हणून चारित्र्य किती चांगले, ते का असावे, यावर आम्ही एक मिनिटही घालवणार नाही. आमचा प्रश्न शाळेतला आहे. मुलाला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवताना त्याचे चारित्र्य घडते का? घडत असेल तर कोणत्या क्षणी?

प्रश्न फार जुना. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाची सुरुवातच त्याने होते: सद्गुण शिकवून येतो, सरावाने येतो, की जन्मतःच असतो? सॉक्रेटिस नेहमीप्रमाणे सरळ उत्तर देत नाही. पुढे ॲरिस्टॉटलने गाठ थोडी सोडवली. तो म्हणतो, धाडसी कृती करत करतच माणूस धाडसी होतो; पण नुसती सवय पुरत नाही, कोणत्या प्रसंगी काय योग्य हे ओळखणारी एक शहाणीव लागते. आपल्या भाषेत तिला नेमका शब्द आहे, विवेक. चारित्र्य म्हणजे सवय अधिक विवेक. आजच्या बोलण्यात ही दोन नावे पुनःपुन्हा येतील, तेवढी लक्षात असू द्या.

आता आपल्या शाळांकडे बघू. महाराष्ट्रात मूल्यशिक्षण आले ते परिपाठाच्या रूपाने. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन ही दहा मूल्ये. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, की झाला परिपाठ. आम्ही त्याची टवाळी करणार नाही. रोज वेळेवर रांगेत उभे राहणे, सगळ्यांनी मिळून एक गाणे म्हणणे, यातून सवय लागते आणि सवय ही लहानसहान गोष्ट नाही. इथल्या सामुदायिक प्रार्थनेत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगावे लागत नाही. पुण्यतिथी महोत्सवात चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी एवढा मोठा जनसमुदाय एकदम निःशब्द होतो, तो काय वक्तशीरपणावरचा निबंध पाठ करून?

पण परिपाठात विवेकाला जागा नाही. सुविचार फळ्यावर लिहितात. त्याच्याशी वाद घालायची मुभा नसते. १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी सुमारे अकरा हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांना फसवणुकीची संधी द्यायची आणि ती काय करतात ते बघायचे, अशी पद्धत. निघाले असे, की एका ठिकाणी प्रामाणिक वागणारे मूल दुसऱ्या ठिकाणी खुशाल फसवते. आणि नीतीचे नियम किती चांगले सांगता येतात याचा वागण्याशी फार थोडा संबंध असतो. त्याआधी १९०९ मध्ये जॉन ड्युईने एक बारीक भेद सांगून ठेवला होता: नीतीविषयीची माहिती वेगळी आणि माणसाला हलवणारी नैतिक कल्पना वेगळी. पहिली पाठ करता येते. दुसरी समाज कसा चालतो हे कळल्याशिवाय येत नाही. म्हणून त्याने चारित्र्याचा वेगळा तास मागितला नाही. इतिहास-भूगोलच नीट शिकवा म्हणाला.

आम्ही हे वऱ्हाडातल्या एका उदाहरणावर घासून बघतो. श्रमप्रतिष्ठा घ्या. सकाळी परिपाठात सांगितले, कष्ट करणाऱ्याला यश मिळते. वर्गात एक मुलगी बसली आहे. तिच्या बापाने पाच एकर कोरडवाहूत आयुष्यभर राबून शेवटी विषाची बाटली तोंडाला लावली. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा होते. म्हणजे अशी मुलगी आपल्याकडे अपवाद नाही, बहुतेक शाळांत आहे. ती मनात काय म्हणत असेल? ‘मंग माहा बाप कष्ट करत नव्हता काय?’ सुविचाराने तिच्या बापाला आळशी ठरवले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. हेतू चांगला होता, हे खरे. पण वस्तुस्थिती बाजूला ठेवून सांगितलेले मूल्य असे नकळत अपमान करून जाते.

तिला उत्तर देऊ शकणारा धडा परिपाठात नाही, भूगोलात आणि इतिहासात आहे. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून वऱ्हाडात कापूस आला, इथपर्यंत सगळे शिकवतात. त्यापुढे जा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि इकडे खामगाव-अमरावतीच्या बाजारात भाव भडकले. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, ज्वारीच्या रानात कापूस शिरला. १८६५ ला युद्ध संपले आणि भाव कोसळले. म्हणजे आपल्या शेतातल्या बोंडाचा भाव आपल्या शेतात ठरत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वीच दिसून आले होते. त्यात ओलिताचे क्षेत्र थोडे, पाऊस लहरी, आणि कर्ज पेरणीआधीच घ्यावे लागते. हे सगळे कळल्यावर श्रमप्रतिष्ठा या शब्दाला अर्थ येतो: श्रमाला प्रतिष्ठा द्यायची म्हणजे श्रमाचे मोल कोण ठरवतो हे विचारायचे. त्या मुलीला बाप परत मिळत नाही. पण बापाविषयीचा सन्मान परत मिळतो, आणि शेजारच्या बाकावरच्या व्यापाऱ्याच्या मुलाला विचार करायला काहीतरी मिळते. संवेदनशीलता हे मूल्य त्याच तासात, नाव न घेता, शिकवून होते.

हे आम्ही काही नवीन सांगत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांना एकत्र करून ‘सामाजिक अभ्यास’ असा विषय मांडला होता. वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या शेजारी. कल्पना अशी, की मूल हाताने सूत कातेल आणि कातता कातता कापूस कुठून येतो, कोणाला किती मिळते, हे शिकेल. सवय आणि विवेक एकाच कामात. नयी तालीम मागे पडली. विषय उरला, पण त्याचे पुन्हा तुकडे झाले आणि नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधले गेले.

नदीच्या अलीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये हा आश्रम उभा केला. त्यांची ‘ग्रामगीता’ आपल्या घराघरांत आहे, पण ती बहुतेक वेळा पोथी म्हणून वाचली जाते. आमची सूचना, एकदा तिची अनुक्रमणिका समाजशास्त्राच्या शिक्षकाच्या डोळ्यांनी वाचा. एकेचाळीस अध्याय. त्यात ग्रामआरोग्य आहे, श्रमसंपत्ती आहे, गरीबी-श्रीमंती आहे, महिलोन्नती आहे, जीवनशिक्षण आहे. एखाद्या विद्यापीठाच्या ग्रामीण समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमाला लाजवील अशी यादी आहे ही. महाराजांनी गावाला उपदेश केला तो गावाचा अभ्यास करून. प्रार्थनेने आणि श्रमदानाने सवय लावली. ग्रामगीतेने कारणे दिली.

आता अवघड भागाकडे येतो. चारित्र्यशिक्षण म्हटले की शिक्षक थोरांची चरित्रे काढतात. थोर माणूस जन्मला, त्याने त्याग केला, तो अमर झाला. मुले ऐकतात, भाषण स्पर्धेत म्हणून दाखवतात, बक्षीस घेतात. यात मुलाला निर्णय कुठेच घ्यावा लागत नाही, कारण चरित्रनायकालाही तो घ्यावा लागलेला दिसत नाही. तो आधीपासूनच थोर असतो!

याउलट १६ ऑगस्ट १९४२ चा दिवस वर्गात आणा. नागपंचमीचा दिवस. आष्टी आणि चिमूर. महाराजांच्या भजनांनी हा सगळा मुलूख चेतला होता. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत ते नागपूर-रायपूरच्या तुरुंगात होते. आष्टीला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबारात माणसे पडली आणि संतापलेल्या जमावाने पोलिसांनाही ठार मारले. चिमूरलाही सरकारी अधिकारी मारले गेले. मग चिमुरात फौज शिरली आणि तिथल्या स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. जयकृष्ण भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. धडा म्हणून आपण हे चार ओळींत उरकतो: ‘आष्टी-चिमूरचा लढा तेजस्वी होता.’ होताच. पण वर्गात कोणी विचारले, ‘सर, ज्या पोलिसायले मारलं ते बी आपल्याच गावाकडचे होते ना?’ तर?

बरेच शिक्षक इथे घाबरतात आणि ‘पुढचा प्रश्न’ म्हणतात. आमच्या मते चारित्र्य घडायचा क्षण नेमका हाच. आंदोलन अहिंसेचे, समोर बंदुका, शेजारी पडलेला सोबती. अशा वेळी रागाचे काय करायचे? भन्साळींनी त्याच घटनेला दिलेले उत्तर वेगळे का होते? त्यांना तो वेळ आणि ते अंतर मिळाले होते, जमावाला मिळाले नव्हते, हे म्हणणे योग्य की पळवाट? मुलांना वाद घालू द्या. हुतात्म्यांचा आदर त्याने कमी होत नाही. उलट त्यांनी काय पणाला लावले होते ते पहिल्यांदा कळते.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. प्रत्येक गोष्ट अशी वादाला टाकायची का? उद्या मुले म्हणतील, अस्पृश्यतेच्या दोन्ही बाजू ऐकू. नाही. काही प्रश्न उघडे असतात, काही मिटलेले असतात, आणि हा फरक ओळखणे हे शिक्षकाचे खरे कौशल्य आहे. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; तिच्यावर मतदान नाही. पण मिटलेल्या प्रश्नातही विचारण्यासारखे पुष्कळ असते. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून लढा उभा राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात होते. त्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारले होते. मंदिर खुले करावे का, हा वर्गाचा प्रश्न नाही. वर्गाचा प्रश्न असा: त्या दाराच्या आड उभे राहणारे लोक गावातले दुष्ट नव्हते. शिकलेले, प्रतिष्ठित, घरी आलेल्याला पाणी विचारणारे होते. मग त्यांना हा अन्याय का दिसला नाही? हा प्रश्न विचारला की मूल दहा मिनिटांत आजच्या गावापर्यंत येते. आणायची गरज पडत नाही.

गाडगेबाबांना हे फार चांगले जमत असे. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची फैर. श्रोत्याला विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे, मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. आम्ही वर्षानुवर्षे सॉक्रेटिसची संवादपद्धती शिकवली; आज वाटते, ती समजावायला अथेन्सपेक्षा शेंडगाव जवळ होते. आणि बाबांच्या हातात आधी झाडू असे, तोंडात प्रश्न नंतर येत. सवय, मग विवेक.

गुणांचे काय, असे शिक्षक विचारतात. चारित्र्याला गुण देऊ नका. सहिष्णुतेला दहापैकी आठ दिले की मुले सहिष्णुता दाखवायला शिकतात. गुण कारणांना द्या: मुलाने काय मत मांडले याला नव्हे, तर ते कशाच्या आधारावर मांडले आणि विरोधी बाजू नीट सांगता आली का, याला.

आणि सुरुवात कुठून करायची, तर ग्रामसभेपासून. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार दिवशी ग्रामसभा भरते. त्यातले तीन दिवस मुले सकाळी झेंडावंदनाला किंवा जयंतीला तशीही शाळेत येतात. आठवी-नववीच्या मुलांना एक-एक वही द्या आणि मागे बसवा. बोलायचे नाही, फक्त टिपायचे. एकूण माणसे किती, बाया किती. पहिले कोण बोलले. सरपंचबाईंच्या ऐवजी त्यांच्या नवऱ्याने उत्तर किती वेळा दिले. कोणत्या वस्तीतला माणूस उठला आणि कोणत्या वस्तीतला एकही उठला नाही. पाण्याच्या प्रश्नाला किती मिनिटे गेली, सभामंडपाला किती. महाराष्ट्रात पंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत हे पुस्तकात असते. त्या वहीत दुसरे काही निघाले, तर ते पुस्तकाशेजारी ठेवून वाचायचे. गावातल्या कोणाचे नाव मात्र वहीत लिहायचे नाही, एवढे शिक्षकाने आधीच बजावावे. आपल्याला माणसे पकडायची नाहीत, रीत समजून घ्यायची आहे. दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर फक्त आकडे मांडा आणि खडू बाजूला ठेवून पोरांना बोलू द्या.