कॅटनिप: मांजराला नेमकं काय चढतं?

ते रील्स बघितलेच असतील. मांजर वाळक्या पाल्यात तोंड घासतंय, लोळतंय, लाळ गाळतंय आणि खाली कमेंट ठरलेली, "गांजा दिला काय त्याला?"

तर कॅटनिप ही पुदिना-तुळशीच्या कुळातली वनस्पती. तिच्या पानात नेपेटालॅक्टोन नावाचं रसायन असतं आणि ते काम करतं नाकातून, पोटातून नाही. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी सिल्व्हर व्हाइन या वेलीवर प्रयोग केला. तिच्यात असंच रसायन असतं. वास घेतल्यावर मांजरांच्या रक्तात एंडॉर्फिन वाढलं, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते 'बरं वाटण्याचं' रसायन. मग त्यांनी नॅलोक्सोन दिलं, जे अफूसारख्या पदार्थांचा असर रोखतं. लोळणं जवळपास बंद! आणि कमाल म्हणजे, हे रसायन तोंडाला लागलेल्या मांजरांवर डास कमी बसले. म्हणजे हा नुसता येडेपणा नाही, फुकटचं ओडोमॉस आहे.

असर टिकतो पाच ते पंधरा मिनिटं. नंतर अर्धा-एक तास तरी नाकासमोर धरलं तरी ढिम्म. गेमर्सनो, कूलडाऊन समजा. साधारण तीनातल्या एका मांजराला काहीच होत नाही. ते आनुवंशिक आहे, पाकिटवाल्याशी भांडू नका. तीन महिन्यांखालच्या पिल्लांवरही सहसा असर दिसत नाही.

सवय लागते का? नाही. पण "नैसर्गिक आहे" म्हणून मूठभर टाकू नका. चिमूटभर वाळलेला पाला, आठवड्यातून एक-दोनदा, बास. जास्त खाल्लं तर उलटी, जुलाब होतात. इसेन्शियल ऑइल तर आणूच नका. ते फार तीव्र असतं, आणि तेलातले बरेच घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. मांजर गाभण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन मांजरं असतील तर पहिल्यांदा वेगवेगळं द्या, काही जण अशा वेळी अंगावर जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी खिडक्या आणि गॅलरीचं दार लावा. त्या दहा मिनिटांत त्याला कठड्याचं भान नसतं. जाळी नसलेल्या गॅलरीत हे खेळणं नकोच.

जाता जाता, आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या खोकलीच्या मुळावरही मांजरं अशीच तुटून पडतात. म्हणून ती उपटून घरी आणू नका. तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो.