दरबाराच्या खर्चात उतरलेली घराणी

‘दस्तूर कौमवार’ हे जयपूर दरबाराच्या वह्यांचे नाव. त्या वंशावळ्या लिहिण्यासाठी निघाल्या नव्हत्या, निघाल्या त्या खर्चासाठी. कुणाला शिरपाव दिला, कुणाच्या घरच्या लग्नाला काय पाठवले, वडील गेल्यावर मुलाला कोणत्या किमतीचे वस्त्र दिले, हे मांडून ठेवायचे. पुढच्या वेळी त्याच घराण्याचा तोच मान राखायचा, तर मागचा आकडा हाताशी असायला हवा, एवढाच कारकुनांचा हेतू होता. पण नाव, बापाचे नाव, गाव, मिती आणि प्रसंग इतके सगळे एका ओळीत आले की घराण्याचा इतिहास आपोआप उतरतो. आज राजस्थानातल्या कुळांचा शोध घेणाऱ्याला या खर्चवह्यांइतका भरवशाचा आधार क्वचितच मिळेल.

या वह्यांचे 32 खंड आहेत आणि 1718 ते 1918 अशी दोनशे वर्षे त्यांत आली आहेत. मांडणी जातीजमातींप्रमाणे आहे. राजपुतांच्या खांपा, म्हणजे कुळशाखा, वेगळ्या, ब्राह्मण वेगळे, चारण वेगळे. मराठी वाचकाने उघडावा असा भाग दख्खनी लोकांचा, म्हणजे दरबाराच्या बोलीत ‘दिखणी’ मंडळींचा. 1735 मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा जयपूरचा राजा सवाई जयसिंह याने त्यांना जयपुरात मोठ्या सन्मानाने ठेवून घेतले. पुढच्याच वर्षी स्वतः बाजीराव जयसिंहाला भेटले. अशा भेटींतला मानपान हाच या वह्यांचा मुख्य विषय आहे.

जयपुरात मराठी माणूस केवळ पाहुणा म्हणून आला नव्हता. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यातले. त्यांनी ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ 1713 मध्ये पुरा केला. जयपूर शहर त्यानंतर चौदा वर्षांनी, 1727 मध्ये वसले. ब्रह्मपुरीतली पुंडरीकजींची हवेली तिच्या भित्तिचित्रांसाठी आजही ओळखली जाते. चित्रे पाहायला लोक जातात, ते योग्यच आहे. पण अशा घराण्यांचे पुढे काय झाले, कोण कोणाचा मुलगा, कोण दत्तक, हे भिंती सांगत नाहीत. ते दप्तर सांगते.

त्या दप्तरात एक कागद असा आहे की त्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो. तो म्हणजे मातमीची फाइल. राज्याकडून जमीन इनाम असलेला माणूस मरण पावला की त्या इनामावर वारसाचे नाव चढवावे लागे. या नोंदीला जयपुरात मातमी म्हणत. 1945 मध्ये तिचे स्वतंत्र नियमही झाले. जमीन ज्या मूळ पुरुषाला मिळाली, त्याच्यापासून पुरुषवंशाने आपण कसे उतरलो, हे दावेदाराला दाखवावे लागे. म्हणून फाइलीत कुर्सीनामा लागे, म्हणजे पिढ्यांची रीतसर मांडणी. दोन भावांत किंवा औरस आणि दत्तक मुलांत तंटा असला, तर दोन्ही बाजूंचे कुर्सीनामे येत, साक्षी होत. संशोधकाला तंटा लागलेली फाइल अधिक मोलाची, कारण एकाने जे लपवले ते दुसऱ्याने सांगितलेले असते.

आपल्याकडे याचे सख्खे भावंड म्हणजे इनाम कमिशन. 1852 च्या कायद्याने कंपनी सरकारने इनामदारांना आपला हक्क सिद्ध करायला लावले. त्यापायी असंख्य मराठी घराण्यांनी कैफियती दिल्या आणि त्यांत मूळ पुरुषापासून पिढ्या सांगितल्या. सरकारला हवी होती जमीन. आपल्या हाती राहिल्या वंशावळ्या.

आयर्लंडमध्ये हेच काम मृत्युपत्रांनी केले. तिथे 1858 पर्यंत मृत्युपत्रे खरी ठरवण्याचा अधिकार चर्चच्या न्यायालयांकडे होता, पुढे तो दिवाणी न्यायालयांकडे गेला. शेतकऱ्याने गाय कोणाला दिली, दुकानदाराने कर्ज कोणाला माफ केले, परदेशी गेलेल्या मुलाच्या नावे काय ठेवले, हे सारे त्यांत असे. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी अभिलेखागार जळाले आणि शतकांची मूळ मृत्युपत्रे गेली. वाचले ते नकलांमुळे. सर विल्यम बेथम नावाच्या गृहस्थांनी त्याआधी शंभर वर्षांच्या सुमारास 1800 पूर्वीच्या हजारो मृत्युपत्रांतली नातीगोती टिपून घेतली होती. जिल्ह्याच्या कचेऱ्यांत 1858 नंतरच्या मृत्युपत्रांच्या नकलवह्या होत्या. आज आयरिश माणूस आपल्या घराण्याची जुनी नाती शोधतो, तो कित्येकदा अशा टिपणांतून आणि नकलांतून.

आयरिश मृत्युपत्र आणि जयपूरची मातमी यांत एक मोठा फरक आहे आणि तो मला डाचतो. मृत्युपत्रात मुलगी येते, जावई येतो, विधवा बहीण येते. मातमीच्या कुर्सीनाम्यात मुलीला जागाच नाही, कारण इनाम तिच्याकडे जायचे नव्हते. तिचा माग हवा असेल तर पुन्हा खर्चाच्या वहीकडे वळावे. लग्नाला दिलेल्या देणगीच्या निमित्ताने ती क्षणभर कागदावर दिसते. दुसरी वाट जागांच्या पोथीची. जागा किंवा बडवा म्हणजे ढुंढाड, अर्थात जयपूरच्या आसपासच्या, प्रदेशातले पिढीजात वंशलेखक. ते यजमानांच्या गावी येतात, पोथी वाचतात, नवी नावे चढवतात. घरात आलेली सून कोणत्या गावची, कोणत्या कुळाची, हे त्यांच्या पोथीत असते. आपल्या कोल्हापूर-बेळगाव भागातले हेळवी हेच काम करतात.

वाचायला बसणाऱ्याने दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. पहिली लिपी. अक्षरे देवनागरीच, पण जुन्या वळणाची आणि शब्द न तोडता लिहिलेली, भाषा ढुंढाडी आणि तीत फारसी शब्दांची दाट पेरणी. मोडी वाचणाऱ्याची नजर इथे लवकर बसते. दुसरी गोष्ट मितीची. विक्रम संवतातून साधारण 57 वजा केले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. जयपूरची चैत वदी म्हणजे आपला फाल्गुन वद्य, आणि संवत त्यानंतर सुदी, म्हणजे शुद्ध, प्रतिपदेला बदलतो. हे विसरले की मृत्यूची तारीख महिन्याने चुकते, कधी वर्षानेही.

जयपूर राज्याचा जुना दप्तरसंग्रह आता बीकानेरला, राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. ही संस्था 1955 मध्ये स्थापन झाली, आणि तिने पुष्कळ कागदांच्या संगणकीय प्रती करून लोकांना खुल्या केल्या आहेत. 1952 च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या आणि मातमीचे कारणच संपले. त्यापुढच्या काळासाठी नोंदणी कार्यालयातले तिसरे पुस्तक पाहावे. नोंदलेली मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र त्यात उतरवतात. मृत्युपत्र करणारा हयात असेतो नक्कल त्यालाच मिळते. तो गेल्यावर कोणीही अर्ज करू शकतो, ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. मात्र मृत्युपत्र नोंदवणे सक्तीचे नाही, त्यामुळे पुस्तकात नाव नाही म्हणजे मृत्युपत्र नव्हते असे समजू नये.

सरकारी दप्तराच्या प्रती झाल्या, होत आहेत. जागांच्या आणि हेळव्यांच्या पोथ्या मात्र खाजगी आहेत आणि पुष्कळ घरांत त्यांची एकच प्रत आहे. पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात गेली की पोथी माळ्यावर जाते. तुमच्या घराण्याचा जागा किंवा हेळवी अजून येत असेल, तर या खेपेला त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. त्याचा मान आणि मोबदला द्या, त्याच्या संमतीने आपल्या पानांची छायाचित्रे घ्या, एक प्रत त्याला द्या, एक घरी ठेवा. आणि नवी नावे चढवताना मुलींचीही सांगा.