छातीतील कळ आणि पाठीचा कणा

रात्री अकराच्या सुमारास घरातील कर्ता माणूस छातीवर हात ठेवून 'कळ येते आहे' असे म्हणतो, तेव्हा घरात कोणालाही पाठीचा कणा आठवत नाही. आठवते ते हृदय. आणि तेच योग्य आहे. या लेखात आम्ही पाठीविषयी पुष्कळ बोलणार असलो, तरी प्रारंभीच सांगून टाकतो की, छातीत कळ आली तर आधी हृदयाचा विचार करावा, पाठीचा मागाहून. हा क्रम उलटा केल्याने काय होते, त्याची एक हकीकत पुढे येणार आहे.

या मालेत आरोग्याचा विषय सहसा डॉक्टरांकडे असतो. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेत शिकविण्यात ज्यांची हयात गेली, अशांपैकी एक रोगी आहोत. डॉक्टरांना दुखणे बाहेरून दिसते, रोग्याला ते आतून दिसते. आणि ज्या दुखण्याबरोबर वर्षानुवर्षे राहावे लागते, त्याच्याविषयी आतून पाहिलेले चार शब्द उपयोगी पडतील, एवढ्याच भरवशावर हे लिहीत आहोत.

आमची हकीकत थोडक्यात अशी. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासण्याचे दिवस होते. सलग तीन दिवस चटईवर बसून, पुढ्यात उतरते मेज घेऊन, मान खाली घालून आम्ही काम उरकले. तिसऱ्या रात्री डाव्या छातीत कळ उठली, ती काखेपर्यंत गेली, श्वास पुरेनासा झाला आणि कपाळावर घाम आला. घरच्यांनी रिक्षात घालून रुग्णालयात नेले. कार्डिओग्राम निघाला, रक्त तपासले गेले, काही तासांनी दोन्ही पुन्हा झाले. सर्व निर्दोष. पुढे चालण्याच्या पट्ट्यावरची चाचणी झाली, तीही निर्दोष. "हृदय उत्तम आहे, तुम्हांला काही झालेले नाही," असे सांगून आम्हांस घरी पाठविण्यात आले.

या वाक्याचा पूर्वार्ध खरा होता. उत्तरार्ध खरा नव्हता. कळ राहिलीच. आणि 'काही झालेले नाही' असे सांगितलेल्या माणसाला जेव्हा दुखतच राहते, तेव्हा त्याच्यापुढे दोनच तर्क उरतात : एक, डॉक्टरांना सापडले नाही; दुसरा, आपले डोके ठिकाणावर नाही. आम्ही सहा महिने या दोन तर्कांमध्ये हेलकावे खात होतो. टेकडीवर जाणे बंद केले, जिना टाळू लागलो, पिशवी उचलीनासे झालो. त्या अवधीत दोनदा पुन्हा रुग्णालय गाठले. शेवटी एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी आम्हांला पालथे निजविले आणि मानेच्या बुंध्यापासून एकेका मणक्यावर अंगठा दाबीत ते खाली आले. चौथ्या-पाचव्या मणक्याच्या डाव्या अंगाला अंगठा पडताच छातीत तीच कळ, अगदी तीच, उठली. "हीच का ती?" त्यांनी विचारले. सहा महिन्यांत प्रथमच आमच्या दुखण्याला कोणीतरी नाव घेऊन हाक मारली होती.

पाठ दुखावी आणि कळ छातीत यावी, हे कसे? यासाठी शरीराची थोडी रचना पाहावी लागेल. मानेचे सात मणके संपले की छातीच्या मागचे बारा मणके लागतात. प्रत्येकाला दोन बाजूंनी एकेक बरगडी सांध्याने जोडलेली असते. श्वास घेताना बरगड्या उचलतात, म्हणजे हे सांधे हलतात. मनुष्य मिनिटाला पंधरा श्वास घेतो असे धरले, तरी दिवसाकाठी ही हालचाल वीस हजारांवर वेळा होते. कंबर किंवा गुडघा दुखला तर त्याला विश्रांती देता येते. बरगडीच्या सांध्याला ती मिळत नाही. म्हणूनच येथला सांधा आखडला, किंवा आपण जिला उसण म्हणतो ती येथे भरली, की प्रत्येक श्वास टोचू लागतो आणि माणसाला वाटते की छातीच्या आतच काही बिघडले आहे.

परंतु खरे कोडे याच्या पुढचे आहे. दोन मणक्यांच्या मधून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात आणि बरगड्यांच्या खालून वळसा घेत पुढे छातीपर्यंत येतात. छातीच्या व दंडाच्या आतील बाजूच्या कातडीचा निरोप मज्जारज्जूच्या वरच्या भागात ज्या ठिकाणी पोहोचतो, त्याच ठिकाणी हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतूही शिरतात. तेथेच त्या पातळीच्या मणक्यांचे, त्यांच्या बंधांचे आणि पाठीच्या खोल स्नायूंचे निरोपही येतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे आठ आणि दिंडी दरवाजाला घंटा एकच असावी, तसा हा प्रकार आहे. घंटा वाजली एवढे कळते. पाहुणा कोणाकडचा ते कळत नाही. ज्या बिऱ्हाडाकडे रोज माणसे येतात, त्याचेच नाव घेऊन आपण हाक मारतो. मेंदू हेच करतो. कातडीकडून त्याला रोज निरोप येतात. हृदयाकडून किंवा मणक्याच्या सांध्याकडून क्वचित. म्हणून या दोघांपैकी कोणीही घंटा वाजविली, तरी मेंदू छातीचे आणि हाताचे नाव घेतो. हृदय पाठीसारखे बोलते किंवा पाठ हृदयासारखी बोलते, असे म्हणण्यापेक्षा दोघेही छातीच्या तोंडाने बोलतात, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हे ज्ञान हळूहळू जमत गेले. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन या वैद्याने तेथील रॉयल कॉलेजात एक निबंध वाचला आणि हृदयशूलाचे चित्र प्रथमच नेटके रेखाटले. चालताना, विशेषतः चढ चढताना व जेवणानंतर छातीत आवळल्यासारखे होते आणि उभे राहिले की ते जाते, हे त्याचे निरीक्षण आजही प्रत्येक डॉक्टर प्रमाण मानतो. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्येच सर थॉमस लुईस आणि केलग्रेन यांनी निरोगी माणसांच्या मणक्यांमधील बंधांत तीव्र मिठाचे पाणी अगदी थोड्या प्रमाणात टोचून पाहिले. सुई पाठीत आणि वेदना भलतीकडे, असा अनुभव आला. वरच्या पाठीत टोचले असता छातीत आणि हातात उठणारी वेदना हृदयशूलाशी मिळतीजुळती असे. यावरून एवढे सिद्ध झाले की, अशा रोग्याची कळ कल्पनेतली नसते.

मग दोहोंत फरक कसा करावयाचा? साधारण खुणा सांगता येतात. हृदयाची वेदना बहुधा दडपणासारखी, आवळल्यासारखी, पसरट असते. रोगी ती दाखविताना बोट ठेवीत नाही, तळहात किंवा मूठ ठेवतो. ती श्रमाने येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. झटका असेल तर विश्रांतीनेही ओसरत नाही. घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा हातात कळ, ही तिची सोबत असते. पाठीची कळ उलट बोटाने दाखविता येते. कूस बदलताना, वळून पाहताना, शिंकताना, खोकताना ती चमकते. ती क्षणभर टिकते, नाही तर दिवसभर ठणकत राहते. खूप वेळ एका जागी बसल्यानंतर ती वाढते आणि चालल्याने पुष्कळदा कमी होते. मानेच्या खालच्या मणक्यांची झीज झालेल्यांनाही अशीच कळ छातीच्या स्नायूंत येते, आणि तिच्याबरोबर बोटांना मुंग्या येतात.

या खुणा आम्ही सांगितल्या खऱ्या, पण त्यांच्यावर घरी बसून निकाल देऊ नये, हे त्याहून अधिक आग्रहाने सांगितले पाहिजे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात हृदयविकार पुष्कळदा वेषांतर करून येतो : नुसता थकवा, नुसती धाप, पोटात जळजळ, किंवा चक्क दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखणे. छाती दाबल्यावर दुखते म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. जिभेखालच्या गोळीने बरे वाटले म्हणून हृदयच दोषी ठरत नाही. अन्ननलिकेची कळही त्या गोळीने थांबू शकते. पहिला कार्डिओग्राम निर्दोष असूनही झटका असू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते, पण त्याला काही तास लागतात. म्हणूनच रक्त दोनदा तपासतात. दीर्घ श्वासाबरोबर टोचणारी कळ फुप्फुसाच्या विकारातही येते. आणि पाठीत एकाएकी काही फाटल्यासारखी असह्य वेदना उठली, तर ती महारोहिणी चिरल्याची खूण असू शकते. तेथे घटका मोजण्याइतकाही वेळ नसतो.

आता ती हकीकत. आमच्या दुखण्याचा उलगडा झाल्यावर आम्हांला फार आनंद झाला, आणि तो आम्ही भेटेल त्याला सांगत सुटलो. आमचे एक जुने सहाध्यायी पाठीच्या दुखण्याने बेजार असत. त्यांनी आमची कथा मन लावून ऐकली. पुढे काही महिन्यांनी पहाटे त्यांच्या छातीत व पाठीत दुखू लागले. त्यांनी सौभाग्यवतींना सांगितले, "काही नाही, मणका आहे, मास्तरांचे तसेच होते." पाठीला तेल लावून शेक घेतला, त्याने भागेना, तेव्हा वायू धरला असेल म्हणून ओवा खाल्ला, सोडा प्याले. दुपारी रुग्णालयात पोहोचले तेव्हा आठ तास गेले होते. ते वाचले, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा दुबळा झाला. आज ते घरातल्या घरात चालतात. आम्ही भेटावयास गेलो की त्यांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. आम्ही मात्र स्वतःला लावला आहे. अर्धे ज्ञान आम्ही वाटले होते. उरलेले अर्धे वाटावे, म्हणून हा लेख.

ते उरलेले अर्धे असे : 'तुमचे दुखणे पाठीचे आहे' हा निकाल त्या दुखण्यापुरता असतो, जन्मभराचा परवाना नव्हे. ज्याला पाठीचे दुखणे आहे, त्याला हृदयविकार होणार नाही असा कोठे करार झालेला नाही. म्हणून अशा माणसाने आपली नेहमीची कळ नीट ओळखून ठेवावी : कोठे उठते, कशाने येते, किती टिकते, कशाने जाते. आम्ही एक वही ठेवली आहे. कळ त्या वहीतल्यासारखी असेल तर आम्ही उठून चार पावले टाकतो. ती वेगळी असेल, जिना चढताना येत असेल, घाम किंवा धाप घेऊन आली असेल, किंवा पंधरा मिनिटे होऊनही हटत नसेल, तर १०८ क्रमांकाला फोन करावयाचा, असा घरच्यांशी आमचा ठराव आहे. आणि त्या वेळी आमचे मत विचारावयाचे नाही, हे त्यातले मुख्य कलम आहे. जुन्या कार्डिओग्रामची प्रत हाताशी ठेवतो. नव्याशी ताडून पाहावयास ती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. रुग्णालयात जाऊन हृदय निर्दोष निघाले, तर फेरी फुकट गेली असे आम्ही मानीत नाही.

पाठीपुरतेही एक सावधपण हवे. रात्री झोपेतून उठविणारी वेदना, बारीक ताप, वजन घटणे, पायांतले बळ कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही असेल तर ती साधी उसण नव्हे. मणक्यांचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो आणि छातीमागचे मणके हे त्याचे आवडते ठिकाण आहे. उतारवयातील स्त्रियांचा ठिसूळ झालेला मणका किरकोळ धक्क्यानेही पिचतो. अशांनी पाठ मोडून देणाऱ्याकडे जाऊ नये. छातीच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी आग होऊन काही दिवसांनी पुरळ उठले, तर ती नागीण असते.

हे सर्व वगळून जे उरते, ते सामान्य दुखणे. त्याच्याशी संसार करता येतो. त्याचे मूळ बहुधा वाकून बसण्यात आहे. शिंपी, सोनार, कारकून आणि शिक्षक यांची ही जुनी मिरासदारी. आता संगणकापुढे बसणारे आणि भ्रमणध्वनीत मान घालणारे तरुणही तिचे वाटेकरी झाले आहेत. आम्हांला ज्याचा गुण आला ते साधे आहे. अर्ध्या तासाहून अधिक एका बैठकीत बसावयाचे नाही. लिहिण्याचे मेज उंच करून घेतले. व्यायामोपचार जाणणाऱ्या बाईंनी शिकविल्याप्रमाणे टॉवेलची गुंडाळी दोन खांद्यांच्या खाली आडवी ठेवून रोज पाच मिनिटे उताणे पडतो, खांदे मागे ओढण्याचे आणि छाती उघडण्याचे व्यायाम करतो. शेकाने आराम पडतो. औषध क्वचित लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भीती. कळ येते, माणूस घाबरतो, श्वास उथळ व जलद होतो, छातीचे स्नायू आवळतात. त्याने कळ वाढते आणि भीतीही वाढते. आमच्या पहिल्या रात्रीचा घाम आणि धाप यांतला बराच भाग या फेऱ्यातला होता, हे आता कळते. भीतीने आम्ही चालणे सोडले. न चालण्याने पाठ अधिक आखडली. डॉक्टरांची परवानगी घेऊन ज्या दिवशी पुन्हा टेकडी चढलो, त्या दिवसापासून उतार पडू लागला. कळ अजून येते. परवाच, हा लेख लिहिताना आली. वही उघडून पाहिली; ओळखीची होती. तेव्हा लेखणी खाली ठेवली आणि अंगणात चार फेऱ्या मारून आलो.