जुन्या चर्चभोवती नवे चर्च : मोस्ताच्या श्रमदानाचा मागोवा

माल्टा बेटावरील मोस्ता गावाच्या मोठ्या चर्चची पायाभरणी ३० मे १८३३ रोजी झाली आणि बांधकाम पुरे व्हायला १८६० च्या दशकाची सुरुवात उजाडली. ठेकेदाराने हे काम एवढी वर्षे रेंगाळत ठेवले असते तर तो नालायक ठरला असता. इथे मात्र काम करणाऱ्यांत खुद्द गावकरीच होते. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला ते बांधकामावर राबत. आठवडाभर पोटापाण्याची कामे आणि विश्रांतीच्या दिवशी चर्चचे काम, असा हा क्रम होता. ज्यांनी पायाचे दगड वाहिले, त्यांतल्या अनेकांची मुले घुमट पुरा होईतो कर्ती झाली.

गावात सतराव्या शतकातले एक चर्च होते, पण वाढत्या वस्तीला ते अपुरे पडू लागले. नव्याचा आराखडा जॉर्जो ग्रोन्ये द व्हासे याने काढला. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण नसलेल्या या माणसाने नमुना घेतला तो थेट रोमच्या पॅन्थिऑनचा : गोल सभागृह, वर एकच घुमट, समोर सहा आयोनिक खांबांची ओसरी. बिशप फ्रान्सेस्को साव्हेरिओ कारुआना यांना हे पटले नाही. प्राचीन रोमनांच्या देवळासारखे कॅथलिक चर्च कसे चालेल, हा त्यांचा आक्षेप होता. अखेर परवानगी मिळाली.

या बांधकामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे जुने चर्च आधी पाडले नाही. नव्या भिंती त्याच्या भोवतीने चढवत नेल्या आणि आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा उपासनाविधी, चालूच राहिली. गाव एक दिवसही प्रार्थनास्थळाविना राहिले नाही, म्हणून घाई करण्याचे कारण उरले नाही. हाताशी असेल तेवढ्या मनुष्यबळावर काम पुढे सरकू शकले, ते त्यामुळेच.

खरी कसोटी घुमटाची होती. त्याचा आतला व्यास सुमारे ३७ मीटर. एवढा भार पेलायला भिंती जवळपास ९ मीटर जाडीच्या ठेवल्या. आत जुने चर्च उभे असताना जमिनीपासून लाकडी आधार उभारणे अवघडच होते. घुमट परांचीशिवाय बांधला गेला, आणि त्याचे श्रेय मुख्य गवंडी आंजेलो गात्त याच्याकडे जाते. घुमटाची रचनाच अशा कामाला साथ देते. दगडांचा एक थर वर्तुळात पूर्ण जुळला की दगड एकमेकांना आत कोसळू देत नाहीत आणि तोच थर पुढच्या थराचा आधार होतो. धोका असतो तो वर्तुळ मिटेपर्यंत. वर जावे तसा दगडांचा कल आत वाढत जातो, त्यामुळे शेवटचे थर सर्वांत जोखमीचे.

घुमट झाल्यावर १८६० मध्ये जुने चर्च पाडून आतली जागा मोकळी केली. ग्रोन्ये १८६२ मध्ये वारला. त्याचे दफन याच चर्चमध्ये झाले. विधिपूर्वक अर्पणसोहळा १५ ऑक्टोबर १८७१ रोजी पार पडला.

दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४२ रोजी, जर्मन विमानाचा एक बॉम्ब घुमट भेदून आत पडला. मिस्सेसाठी अडीचशेहून अधिक भाविक जमले होते. बॉम्ब फुटला नाही.

मोस्ताची रीत शेजारच्या गोझो बेटावर पुन्हा वापरली गेली. शेवकिया गावाने १९५० च्या दशकाच्या आरंभी जुन्या चर्चभोवतीच नवे गोल चर्च उभारायला घेतले. आराखडा जुझे दामातो यांचा आणि नमुना व्हेनिसच्या सांता मारिया देल्ला सालुते चर्चचा. इथे घुमटाखालच्या आठ खांबांना प्रबलित काँक्रीटचे बळ मिळाले. पण पैसा आणि बरेचसे श्रम गावकऱ्यांचेच. काम १९७१ मध्ये पुरे झाले. घुमटाची उंची सुमारे ७५ मीटर भरली, आणि छोट्या गावाची सारी वस्ती आत मावेल एवढी जागा झाली. जुन्या चर्चचे कोरीव दगड मात्र टाकून दिले नाहीत. ते जपून उतरवले आणि नव्या वास्तूलगतच्या दालनात पुन्हा रचून ठेवले.