वेंगुर्ल्याची पत्रं वाचणाऱ्या बाई

आमच्या इतिहास विभागातल्या बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. शिवकाळावर लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पण त्या काळातल्या डच व्यापाऱ्यांची पत्रं मुळातून वाचणारं माणूस विरळाच.

डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला जागा सोयीची. तिथून पत्रं जायची बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, आणि त्यांच्या नकला पुढे हॉलंडला. हेगला असलेलं डच ईस्ट इंडिया कंपनीचं दफ्तर ओळीनं मांडलं, तर सुमारे बाराशे मीटर भरतं!

बाई तिशीनंतर त्यासाठी डच शिकल्या. मायक्रोफिल्मवरचं ते लपेटदार अक्षर, मधेच शाईनं खाल्लेला कागद. एकेका शब्दावर दुपार जायची. चहाला बोलवायला गेलो की मान वर न करता म्हणायच्या, "थांबा हो, जहाज अजून बंदरात यायचंय."

शिवाजी महाराजांचं नाव सापडलं की आम्ही हरखायचो. बाई विचारायच्या, "हे लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं, की बाजारात ऐकलं?" व्यापाऱ्याला मिरीचा भाव चुकवून चालत नाही, बातमी मात्र ऐकीवही चालते, हे त्यांचं गणित. त्यापायी त्यांचं पुस्तक लांबत गेलं. मला विचाराल तर जरा जास्तच.

आता हेगची बरीचशी पानं घरबसल्या संगणकावर दिसतात. पण वाचणार कोण? विभागात दुसऱ्या कुणाला डच येत नाही. हल्ली एक विद्यार्थिनी दुपारी बाईंकडे बसते. काल दोघी एका आकड्यावरून हुज्जत घालत होत्या: तो एक आहे की सात?